पुरोहितांना सातबारा नव्हता

धर्म आणि राज्यसत्ता यांना एकमेकांपासून लांब ठेवण्याचं व्रत ज्यू लोकांनी जवळपास दोन हजार वर्षं अखंड पाळलं. या सगळ्या काळात आमच्याकडे राज्यच नव्हतं, ही गोष्ट व्रताला बरीच उपयोगी पडली.

मी बेने इस्रायल. आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी ते बंद ठेवत. गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं आणि विषय संपवला. कोणत्याही राजाने त्यांना बोलावून ‘शनिवारीच का?’ असं विचारल्याची नोंद नाही. मी स्वतः भूमी अभिलेख खात्यात तीसेक वर्षं जमिनी मोजल्या. निवृत्तीनंतर मुळशी तालुक्यात, माले गावात, दोन खोल्यांचं घर बांधलं. गावात आमच्या धर्माची माणसं दोनच, मी आणि बायको. त्यातल्या एकाबद्दल बायकोला शंका आहे.

आमच्या शनिवारच्या प्रार्थनेत सरकारसाठी एक प्रार्थना असते. मी लहान असताना पुण्याच्या प्रार्थनालयात ती एका जाड पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला टांगलेली होती. जिथे इंग्लंडच्या राजाचं नाव होतं तिथे कागदाची पट्टी चिकटवून ‘भारताचे राष्ट्रपती’ असं लिहिलेलं होतं. मी बाकावर चढून त्या पट्टीचा कोपरा नखाने उचकटत असे. खाली एक राजा होता, आणि त्याच्याखाली आणखी एक पट्टी. एकदा वडिलांनी हातावर चापट मारली. म्हणाले, “खाली कोण आहे ते बघून काय करायचंय? वर जो असेल त्याच्यासाठी म्हणायचं.” पुढे त्यांनी एवढंच समजावलं की आपण सरकारसाठी देवाकडे मागतो, सरकारने आपल्यासाठी देवाकडे मागावं अशी आपली अपेक्षा नाही. या विषयावरचं त्यांचं सगळं तत्त्वज्ञान या दोन वाक्यांत आलं. मी नंतर बरीच जाड पुस्तकं वाचली, पण त्यात फारशी भर पडली नाही.

सरकारसाठी प्रार्थना का करायची, याचंही कारण आमच्या जुन्या शास्त्र्यांनी दिलं आहे. सरकारचा धाक नसेल तर माणसं एकमेकांना जिवंत गिळतील, असं त्यांचं मत. सख्ख्या भावांमधले बांध मोजण्यात आयुष्य गेल्यामुळे या मताला आव्हान देण्यासारखा पुरावा माझ्याकडे नाही.

तर आमच्या गावात ग्रामपंचायतीचं नवं कार्यालय बांधलं गेलं. आधीचं कार्यालय शाळेशेजारच्या एका गळक्या खोलीत होतं. नवं रस्त्याला लागून, फरशीचं, एक मोठा हॉल आणि दोन खोल्या. उद्घाटनाची तारीख ठरायची होती.

सरपंचपद या वेळी राखीव होतं आणि बौद्ध वस्तीतली एक बाई निवडून आली होती. वय चाळिशीच्या अलीकडे. रस्त्यावर तिचं शिलाईचं दुकान आहे; शाळेचे गणवेश, ब्लाउज आणि धरणाकाठच्या रिसॉर्टांचे पडदे तिच्या मशीनवर शिवले जातात. उपसरपंच जुन्या बागायतदार घरातले, साठीचे, मोठ्या आवाजाचे. माणूस वाईट नव्हे. वस्तीत पाण्याची लाइन यावी म्हणून तालुक्याला सगळ्यात जास्त खेटे त्यांनीच घातले होते. फक्त गावातली कुठलीही गोष्ट आपण उपस्थित राहिल्याशिवाय नीट होत नाही, असा त्यांचा अनुभव होता. आणि ते सगळीकडे उपस्थित असल्याने हा अनुभव तपासायची संधी कुणाला मिळाली नव्हती.

मासिक सभेत त्यांनीच सुचवलं की आधी सत्यनारायण, मग उद्घाटन. आणि पुढे फार समजूतदारपणे म्हणाले, “आता ताईंना यातलं चालत न्हाई. त्यांच्यावर जबरदस्ती कशाला? मी आन आमची मंडळी बसतो पूजेला. पूजा झाली की ताईंनी फीत कापावी.” सदस्यांनी माना डोलावल्या. भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, ठराव लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी सरपंचबाई आमच्याकडे आली. गळ्यात मापाची टेप तशीच होती. आल्या आल्या तिने सगळं सांगितलं आणि दाराच्या चौकटीकडे बोट केलं. तिथे आमची मेझुझा आहे, म्हणजे धर्मग्रंथातला एक उतारा आत ठेवलेली बोटभर लांबीची डबी.

“काका, ती तुमची डबी घरच्या दारालाच हाय. हापिसात कदी लावली हुती का?”

“छे. कार्यालय सरकारचं.”

“मंग हापिसात पूजा असली की तुमी काय करायचा?”

मला खरं सांगावं लागलं. आमच्या खात्यात दसऱ्याला मोजणीच्या सामानाची पूजा असे. साखळ्या, टेबलं, दुर्बिणी धुऊन पुसून मांडायच्या, झेंडू वाहायचा, फोटो काढायचा. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी मागच्या रांगेत उभा राहिलो, हातावर आलेला पेढा शिपायाला दिला. दुसऱ्या वर्षापासून मी त्याच दिवशी लांबच्या गावचा दौरा लावून घेऊ लागलो. माझ्याइतका दसऱ्याला कामात असलेला कर्मचारी खात्यात दुसरा नव्हता. एका साहेबांनी तर माझ्या गोपनीय अहवालात ‘सणासुदीलाही कर्तव्यतत्पर’ असं लिहिलं होतं.

ती हसली नाही. म्हणाली, “म्हंजे पळून जायचा.”

“दौऱ्यावर जायचो.”

“त्येच ते.”

बायकोने आतून चहा आणला आणि सरपंचबाईच्या बाजूने मान हलवली.

“मला न्हाई पळता येणार,” ती म्हणाली. “सरपंच हाय मी. आमच्या प्रतिज्ञा हायेत, पूजेला मी बसणार न्हाई, आन कुनाला त्याच्या घरी बसू नगं म्हननार बी न्हाई. पर नव्या हापिसात पयलं बसणार कोन, तेवढंच इचारते मी. मधी चौरंग, चौरंगाम्होरं ती दोगं, आन मी दारात फीत धरून. काका, पयल्या दिवशी दारात हुबी ऱ्हायले की पाच वर्सं दारातच.”

मला वाटतं, धर्म आणि शासन यांच्या संबंधांवर इतकं नेमकं मी कुठल्याच जाड पुस्तकात वाचलेलं नाही. प्रश्न देव आत येणार का, हा नव्हता. देवाच्या मागून आत कोण येतं आणि बाहेर कोण राहतं, हा होता.

“तुमच्या लोकांचा देश हाय ना तिकडं?” तिने चहा घेता घेता विचारलं. “तितं कसं करत्यात?”

तिकडे आमची मुलगी राहते. तिकडे लग्न रजिस्टर करायचं सरकारी कार्यालय नाही. ज्याच्या त्याच्या धर्माच्या अधिकाऱ्याकडेच जावं लागतं. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिथल्या कारकुनाने अगदी सभ्यपणे विचारलं की तुझी आई ज्यू आहे याला पुरावा काय? आम्ही प्रार्थनालयाचं पत्र पाठवलं. आणखी काही आहे का, म्हणाला. शेवटी बायकोचा शाळा सोडल्याचा दाखला पाठवला. कोकणातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेचा. धर्माच्या रकान्यात तिथल्या हेडमास्तरांनी वळणदार अक्षरात ‘यहुदी’ लिहिलं होतं. त्या गृहस्थांनी त्या वेळी ‘शनिवारी येणार नाही ना पोरगी?’ यापलीकडे काही विचारलं असेल असं वाटत नाही. त्या गोल शिक्क्यावर काम झालं. ज्यू राज्याला आम्ही ज्यू असल्याचं पटवण्यासाठी शेवटी ज्याला आमच्या धर्माशी काहीच देणंघेणं नाही असं सरकार उपयोगी पडलं.

“म्हंजे तितं बी दाखलाच,” सरपंचबाई म्हणाली. दाखल्यांबद्दल तिला माझ्यापेक्षा जास्त माहिती होती.

जाताना म्हणाली, “उपसरपंच तुमचं ऐकत्यात. त्यांचा बांध तुमी मोजला तवा भावाच्या बाजूनं निकाल लागला, तरी तुमाला चहा पाजत्यात. येकदा बोलून बघा.”

हा माझ्या नोकरीचा एकमेव खराखुरा सन्मान. गेलो.

उपसरपंच ओसरीवर भाताच्या पोत्यांना टेकून बसले होते. मी विचार केला, सरळ मुद्द्यावर आलो तर आवाज चढेल. म्हणून म्हटलं, आमच्या धर्मग्रंथातली एक गोष्ट सांगतो.

“सांगा की.”

“एक राजा होता. चांगला होता. विहिरी खणल्या, बुरूज बांधले, गुरं पाळली. शेतीचा फार नाद.”

“मंग आपल्यातलाच म्हना.”

“म्हणूनच तुम्हाला सांगतोय. राज्य भरभराटीला आलं. मग एक दिवस त्याला वाटलं, एवढं सगळं केलं, आता मंदिरात देवापुढे धूपही आपणच जाळावा. धुपाटणं घेऊन आत निघाला. पुरोहित आडवे आले. म्हणाले, महाराज, हे काम तुमचं नाही. बाहेर व्हा.”

“राजाला?”

“राजाला. तो चिडला. आणि चिडला तसं तिथल्या तिथे त्याच्या कपाळावर कोड उठलं. पुढे मरेपर्यंत वेगळ्या घरात राहिला. कारभार मुलाने बघितला.”

उपसरपंचांनी नकळत कपाळावरून हात फिरवला. मग त्यांना मूळ मुद्दा सुचला. “पर पुजाऱ्यांची येवढी ताकद कशी वं? जमिनी लई असत्याल.”

“जमीन नव्हतीच. बारा कुळांना देश वाटून दिला, तेव्हा पुरोहितांच्या कुळाच्या वाटणीला शेती ठेवली नाही. राहायला गावं आणि गुरांना गायरान, बस्स. सातबारा नाही.”

“सातबाराच न्हाई?”

“नाही.”

“येक गुंठा बी?”

“नाही. ज्याच्या हातात देव त्याच्या हातात जमीन द्यायची नाही, आणि ज्याच्या हातात राज्य त्याच्या हातात धुपाटणं द्यायचं नाही, अशी ती व्यवस्था.”

त्यांनी दोनदा मान हलवली. मला वाटलं, मुद्दा पोचला. आता कळतं की ते फक्त त्या पुरोहितांबद्दल हळहळत होते. आमच्या तालुक्यात रस्त्याकडेच्या दर विजेच्या खांबावर प्लॉटविक्रीची पाटी आहे. ज्याच्या नावावर गुंठाही नाही त्याच्याबद्दल माणसाला पहिल्यांदा कणवच येते.

प्रामाणिकपणे सांगायचं तर मी गोष्ट सोयीने तोडली होती. ही व्यवस्था फार टिकली नाही, हे मी सांगितलं नाही. पुढे पुरोहितांचंच एक घराणं राजे झालं. दोन्ही खाती एका घरात आली. मग त्या घरातले दोन भाऊ गादीवरून भांडले आणि भांडण मिटवायला त्यांनी रोमनांना बोलावलं. रोमन आले, भांडण मिटवलं आणि राहिले. मोजणी खात्यातल्या माणसाला हा शेवट ऐकून आश्चर्य वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी बायको गिरणीतून दळण घेऊन आली ती दारातूनच म्हणाली, “काय सांगून आलात तुम्ही त्यांना? गिरणीत बायका म्हणतायत, सरकारी कार्यालयात पूजा घातली की कपाळावर कोड उठतं. मोजणीवाल्या काकांच्या पोथीत लिहिलंय म्हणे.”

“मी असं म्हटलं नाही.”

“मग काय म्हटलंत?”

मी काय म्हटलं ते सांगितलं. तिने पिठाचा डबा खाली ठेवला. “तेच म्हटलंत की.”

बातमी अशी होती की उपसरपंचांच्या बायकोने पाटावर बसायला साफ नकार दिला होता. पूजेला जोडपं लागतं. एकट्या उपसरपंचांना बसता येईना, दुसरं कुणी जोडपं पुढे येईना. म्हणजे पूजा आपोआप रद्द. सरपंचबाईचं काम झालं होतं.

मला बरं वाटलं, हे कबूल करतो. आयुष्यभर अंधश्रद्धेवर नाक मुरडणाऱ्या माणसाला तिच्या खांद्यावर बसून जिंकायला मिळालं आणि त्याची फारशी तक्रार नव्हती. फार तर दोन दिवस दौऱ्यावर जावं, असंही मनात आलं.

दुपारी सरपंचबाई आली. या वेळी ती बसली नाही.

“काका, ह्ये काय पसरवलं?”

“मी नाही पसरवलं. गोष्ट सांगितली फक्त.”

“गोष्ट तुमचीच न्हवं?”

“ताई, पण तुझं काम झालं ना. पूजा होत नाही आता.”

“अशी?” तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “माझ्या आजानं दीक्षा घेतली ती कोप व्हतोय, कोड उठतंय, ह्या भ्यातनं सुटायला. आन मी खुर्ची घ्यायची ती दुसऱ्या बाईला त्येच भ्या दावून? माझ्या वस्तीत येकाच्या हातावर पांढरे डाग हायेत. त्येच्या पोरीचं लगीन जमवाय दोन वर्सं गेली. त्यानं काय पाप केलं म्हनायचं?”

मी खुर्ची पुढे ओढली. ती उभीच राहिली.

“जावा आन खरं काय ते सांगा.”

“मग पूजा होईल. तू दारात राहशील.”

“ऱ्हाईन. दारातनं आत कसं यायचं त्ये माझं मी बगीन. तुमी मोजणीवाले न्हवं? मोजणी चुकली तर फेरमोजणी करता ना? करा मंग.”

नोकरीत माझी मोजणी दोनदा चुकली होती आणि दोन्ही वेळा फेरमोजणीला मी दुसऱ्याला पाठवलं होतं. या वेळी स्वतः गेलो.

उपसरपंच घरी नव्हते. त्यांच्या बायको अंगणात तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी मला बघून पदर सावरला आणि जरा लांबूनच विचारलं, “आता काय आन नवीन?”

मी सांगितलं की ती गोष्ट हजारो वर्षांपूर्वीची आहे. ती लिहिणारे बहुधा पुरोहितांच्याच बाजूचे होते, तेव्हा राजाला शिक्षा होणं त्यांच्या सोयीचं होतं. कोड हा आजार आहे, शिक्षा नाही. पूजेने उठत नाही आणि पूजेने जातही नाही. मी गोष्ट सांगायला नको होती, किंवा सांगायची तर नीट सांगायला हवी होती.

“म्हंजे कोड उठत न्हाई?”

“नाही.”

“कुनालाच?”

“पूजेमुळे कुणालाच नाही.”

“मंग मी बसू पाटावर?”

सरपंचबाई दारात फीत धरून उभी असलेली मला दिसत होती. पण मी तिच्याच सांगण्यावरून आलो होतो. म्हटलं, “वहिनी, बसायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तुमचा देव, तुमची पूजा. माझं म्हणणं एवढंच होतं की पूजा घरी असावी. कार्यालय सगळ्यांचं आहे. ज्याला ही पूजा चालत नाही त्यालाही तिथे पहिल्या दिवसापासून आत बसता आलं पाहिजे. आणि या वेळी ती बाई सरपंच आहे.”

त्यांनी सूप हलवणं थांबवलं नाही. थोड्या वेळाने विचारलं, “चौरंग कुटं मांडायचा म्हंत हुते?”

“हॉलमध्ये.”

“त्याच हॉलात घरपट्टीची भांडनं व्हनार?”

“होणार.”

“पाण्यावरनं आई-भन काढणार येकमेकांची?”

“गळक्या खोलीत काढत होते. इथे जागा मोठी आहे.”

“आन समदी पायतानं घालून?”

“हो. सरकारी कार्यालयात चपला बाहेर काढत नाहीत.”

सूप थांबलं. तेवढ्यात उपसरपंच फाटकातून आत आले. बाईंनी माझ्याकडे बघतच त्यांना ऐकवलं, “पूजा घरी व्हनार. म्या देवाला त्या हॉलात न्ह्यायची न्हाई.”

“आता काय झालं? काका, कोड पुन्हा?”

“कोड-बीड काय न्हाई. काकांनी सांगितलं समदं खोटं हाय म्हनून. पर जितं तुमच्या आईवरनं शिव्या पडनार तितं माझा सत्यनारायण मांडू व्हय? त्यानं ऐकत बसायचं?”

“अगं पर ठराव झालाय!”

“ठराव तुमच्या सभेत झालाय. चौरंग माझा हाय.”

उपसरपंचांनी मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी तांदळाकडे पाहिलं. जे समजवायला मला एक राजा, बारा कुळं आणि दोन हजार वर्षांचं वनवासपुराण लागलं होतं, आणि तेही चुकीचं समजवून झालं होतं, ते या बाईंनी पायताणांवर मिटवलं. आमच्याकडेही काही शहाण्या माणसांनी असंच म्हटलं आहे: धर्माला सरकारपासून लांब ठेवायचं ते सरकार वाचवण्यासाठी जितकं, तितकंच धर्म वाचवण्यासाठी. त्यांनी ते म्हणताना हातात सूप धरलेलं नव्हतं, म्हणून ते मला इतकं पटलेलं नव्हतं.

उपसरपंच खांबाला टेकले आणि म्हणाले, “बरं. घरी तर घरी. शिरा तरी गरम मिळंल.” पुढच्या सभेत त्यांनी स्वतःच पहिला ठराव मागे घेतला. कारण विचारलं तेव्हा म्हणाले, “घरातनं निरोप आला.” ते इतिवृत्तात लिहायचं कसं, यावर भाऊसाहेब बराच वेळ अडले होते.

सत्यनारायण आदल्या दिवशी त्यांच्या घरी झाला. सगळं गाव जेवायला होतं. आम्ही गेलो. सरपंचबाईही गेली. ओसरीवर बसली. उपसरपंचांच्या बायकोने तिच्या ताटात भाकरी, पिठलं, भात असं सगळं वाढलं आणि शिऱ्याचं पातेलं काही न बोलता तिच्यावरून पुढे नेलं. तसंच माझ्यावरूनही नेलं. कुणाला काय चालत नाही हे त्या बाईंना न सांगता माहीत होतं, आणि माहीत असल्याचा त्यांनी गाजावाजा केला नाही. माझ्या पाहण्यात सहिष्णुतेवर बरीच भाषणं झाली आहेत. त्यांपैकी एकही त्या पातेल्याइतकं गुपचूप पुढे गेलं नाही.

उद्घाटन शनिवारी होतं. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, मी काही लिहीत नाही आणि गाडीत बसत नाही, म्हणून चालत गेलो. ताम्हिणीकडे निघालेल्या पुण्याच्या गाड्या रस्ताभर हॉर्न वाजवत होत्या. हॉलमध्ये भाऊसाहेबांनी हजेरीचं पुस्तक पुढे केलं, माझं तोंड बघितलं आणि मागे घेतलं. “आज शनिवार व्हय. काका, सही उद्या करा.” मी आभार मानले. सरकारने धर्मात लक्ष घालू नये या मताचा मी कट्टर आहे, पण माझ्या सहीपुरती सरकारने धर्माची केलेली एवढी सोय मला मान्य आहे.

सरपंचबाईने फीत कापली, शिंपिणीच्या सराईत हाताने, एका झटक्यात. मग आत येऊन तिने संविधानाची उद्देशिका वाचली आणि आम्ही मागून म्हटली. उपसरपंचांचा आवाज अर्थातच सगळ्यांत मोठा होता. वाचून झाल्यावर ती टेबलामागे गेली आणि खुर्चीत बसली. बसताना तिने खुर्चीचा हात एकदा दाबून पाहिला, कापड दाबून बघतात तसा. तिचा नवरा हिंजवडीच्या कंपनीची बस चालवतो. तो मागे भिंतीला टेकून उभा होता आणि डोळे पुसण्याऐवजी फोनमध्ये काहीतरी शोधत होता.

घरी परतल्यावर मी सकाळची राहिलेली प्रार्थना म्हटली. सरकारसाठीच्या भागात देशाच्या नेत्यांना आणि सल्लागारांना सद्बुद्धी मागितलेली असते. इतकी वर्षं ती ओळ म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे कोणीच येत नसे. कुणी आलंच तर त्याच्यासाठी काही मागावंसं वाटत नसे. त्या दिवशी गळ्यात टेप असलेली एक बाई आली, आणि सूप धरलेली दुसरी. दुसरी कुठल्याच पदावर नाही, पण मी तिला सल्लागारांत धरलं. माझ्या धर्माबद्दल ज्या देशाला काहीच विचारावंसं वाटलं नाही, आणि ज्या गावाने नुसतं माझा शनिवार लक्षात ठेवला, त्या दोघांसाठी ती प्रार्थना मी पहिल्यांदा मनापासून म्हटली. बायकोने पलीकडच्या खोलीतून आमेन म्हटलं. एरवी ती माझ्या प्रार्थनेला आमेन म्हणताना जरा थांबते.

फीत कापल्यावर लगेच त्याच हॉलमध्ये मासिक सभा झाली. अध्यक्षस्थानी सरपंच. ठराव क्रमांक एक, सूचक उपसरपंच, एकमताने मंजूर: संडासाचं दार आतल्या बाजूला उघडताना भांड्याला अडतं, सबब ते बाहेरच्या बाजूला उघडेल असं ठेकेदाराकडून बसवून घ्यावं.